पायाखालची प्रतिमा

दरवर्षी फेब्रुवारी महिना उजाडला, की वसईच्या ख्रिस्ती घरांतून नागासाकी या दूरच्या जपानी शहराचे नाव आपलेपणाने घेतले जाते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या शहरातील निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांतील एक होते वसईत जन्मलेले बंधू गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज पिता आणि इथल्याच मातीतली माता यांचे हे सुपुत्र येशूसंघीय धर्मगुरूंच्या सोबतीने जपानला गेले, तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, काही काळ व्यापार केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ते दाखल झाले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानच्या भूमीवर उतरले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना व त्यांच्या पंचवीस सोबत्यांना संतपद बहाल केले. वेदीवरील त्यांची मूर्ती आपल्याला लहानपणापासून परिचयाची आहे.

नागासाकीच्या इतिहासात मात्र आणखी एक प्रतिमा आहे. ती वेदीवर नव्हे, तर जमिनीवर ठेवलेली असे. लाकडी पाटात बसवलेला प्रभू येशूचा किंवा पवित्र मारियेचा ओतीव उठाव, आणि त्यावर एकेका गावकऱ्याने अधिकाऱ्यांदेखत पाय ठेवायचा. जो पाय ठेवी तो सुटे आणि जो कचरे तो पकडला जाई. जपानी भाषेत या प्रतिमेला ‘फुमिए’ म्हणतात. ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांच्यातील अनेकांची नावे आज रक्तसाक्ष्यांच्या यादीत आहेत. ज्यांनी ठेवला त्यांचे काय झाले? त्यांना आपण काय म्हणावे? भ्रष्ट, दुबळे, की आणखी काही?

जपानी कॅथलिक साहित्यिक शुसाकू एंडो यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘चिन्मोकू’ म्हणजे ‘मौन’ या कादंबरीत हाच प्रश्न विचारला. त्या कादंबरीवर पुढे दोन नामवंत दिग्दर्शकांनी चित्रपट काढले, आणि कादंबरीने उठवलेला वाद चित्रपटांनी अधिकच तीव्र केला. कोणी म्हणाले, हा श्रद्धेचा गहन शोध आहे. कोणी म्हणाले, हे धर्मत्यागाचे उदात्तीकरण आहे. दोन्ही बाजूंना श्रद्धावान माणसे आहेत, धर्मगुरू आहेत, बिशपही आहेत. निशिझाकाच्या एका हुतात्म्याशी आपले रक्ताचे नाते असल्यामुळे हा वाद आपल्यालाही परका नाही. त्याचा निवाडा करण्याआधी प्रत्यक्ष इतिहास काय सांगतो हे पाहणे अगत्याचे आहे.

गोव्याहून जपानला

जपानच्या ख्रिस्तसभेची कहाणी एका अर्थाने गोव्यात सुरू होते. आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ संत फ्रान्सिस झेवियर यांना मलाक्का येथे भेटला. पुढे तो गोव्यास आला आणि १५४८ साली तेथे त्याचा स्नानसंस्कार झाला. त्याच्याच सोबतीने संत झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, कागोशिमा बंदरात उतरले. पुढील साठ-पासष्ट वर्षांत तेथील ख्रिस्ती जनांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शेतकरी, कोळी, कारागीर यांच्याबरोबर काही सरदार घराणीही ख्रिस्ती झाली.

राज्यकर्त्यांना ही वाढ सलू लागली. १५८७ साली हिदेयोशी याने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला, आणि दहा वर्षांनी निशिझाकाचे हत्याकांड घडले. १६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी घातली. तरीही अनेक धर्मगुरू वेश पालटून देशातच राहिले. १० सप्टेंबर १६२२ रोजी नागासाकीत पन्नासहून अधिक स्त्री-पुरुष-बालकांना जाळून वा शिरच्छेद करून मारण्यात आले. परंतु अशा जाहीर वधांनी भीती पसरण्याऐवजी जमलेल्या लोकांची श्रद्धाच दृढ होते, हे अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी धोरण बदलले. ख्रिस्ती माणसाला मारण्यापेक्षा त्याच्या तोंडून नकार वदवावा, आणि तो नकार शक्यतो धर्मगुरूच्या तोंडून यावा, असे त्यांनी ठरवले. मेंढपाळ कोसळला, की कळप आपोआप विखुरतो हा त्यांचा हिशेब होता.

फुमिएची प्रथा याच धोरणातून १६२०च्या दशकात रुजली. खड्ड्यात उलटे टांगण्याची शिक्षाही याच काळातील. माणसाला घट्ट बांधून डोके खाली करून खड्ड्यात सोडीत, आणि रक्त एकदम डोक्यात उतरून तो लवकर मरू नये म्हणून कानामागे बारीक छेद देत. मृत्यू लांबवणे आणि शरणागतीचा दरवाजा शेवटपर्यंत उघडा ठेवणे हेच त्या यातनेचे मर्म होते.

ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकीत अशाच खड्ड्यांवर काही धर्मगुरूंना टांगण्यात आले. त्यांत पोर्तुगीज येशूसंघीय फादर क्रिस्तोव्हाव फेरेरा होते. जपानमधील येशूसंघाची सूत्रे त्यांच्या हाती होती आणि या देशात त्यांनी चोवीस वर्षे सेवा केली होती. पाच तासांनी त्यांनी धर्मत्यागाची खूण केली. त्यांच्याबरोबरच जपानी येशूसंघीय फादर जुलियन नाकाउरा हेही टांगलेले होते. हे तेच नाकाउरा, जे किशोरवयात जपानी शिष्टमंडळातून, वाटेत गोव्यास थांबून, रोमला पोपमहोदयांच्या भेटीस गेले होते. त्यांनी नकार दिला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी प्राण सोडला. २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकीत १८८ जपानी रक्तसाक्ष्यांना धन्य घोषित करण्यात आले, त्यांत त्यांचा समावेश आहे. फेरेरांना मात्र जपानी नाव देण्यात आले, त्यांच्याकडून ख्रिस्ती धर्माचे खंडन करणारा ग्रंथ लिहवून घेण्यात आला आणि १६५० साली जपानमध्येच त्यांचा अंत झाला.

एका गुरूने हार खाल्ली ही वार्ता युरोपात पोहोचली, तेव्हा तिच्यावर कोणाचा विश्वास बसेना. त्या पतनाची भरपाई करण्याच्या निर्धाराने येशूसंघीयांच्या तुकड्या जपानकडे निघाल्या. १६४३ साली उतरलेल्या तुकडीत सिसिलीचे फादर जुझेप्पे कियारा होते. तेही पकडले गेले, त्यांनीही छळाखाली धर्मत्याग केला, त्यांनाही जपानी नाव व पत्नी देण्यात आली, आणि एदो येथील ‘किरिशितान याशिकी’ या ख्रिस्ती कैद्यांच्या वाड्यात चाळीस वर्षे नजरकैदेत काढून १६८५ साली ते निधन पावले. एंडोंच्या कादंबरीचा नायक फादर सेबास्तियाव रॉद्रिगिश हा याच कियारांवरून घडवलेला आहे.

एंडो आणि त्यांची कादंबरी

शुसाकू एंडो यांचा जन्म १९२३ साली तोक्योत झाला. आईवडील विभक्त झाल्यावर आई मुलांना घेऊन कोबे येथे आली, तिने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि तिच्या इच्छेखातर कोवळ्या वयातील शुसाकूनेही स्नानसंस्कार घेतला. आपला धर्म आईने शिवून आणलेल्या, अंगाला नीट न बसणाऱ्या पाश्चात्त्य कपड्यांसारखा वाटत आला, असे एंडो पुढे अनेकदा सांगत. ते कपडे त्यांना टाकवेनात आणि तसेच वापरवेनात. आपल्या जपानी अंगाला ते बसवून घेण्याचा खटाटोप हेच त्यांचे सारे लेखन म्हणता येईल. १९५० साली ते फ्रान्सला शिकण्यास गेले, तेथे फुप्फुसांच्या व्याधीने गाठले. मायदेशी परतल्यावरही १९६०च्या आसपास प्रदीर्घ काळ रुग्णालयात राहून त्यांना मोठ्या शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागले. नागासाकीस त्यांनी एक फुमिए पाहिली. असंख्य पायांनी झिजून प्रभूचा चेहरा अस्पष्ट झाला होता आणि लाकडावर पायाच्या बोटांचे काळपट डाग उमटले होते. ते पाय कोणाचे, त्या पायांच्या धन्यांना त्या क्षणी काय वाटले असेल, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा विचार त्यांची पाठ सोडीना. त्यातून ‘मौन’ जन्मली.

कथानक थोडक्यात असे. गुरू फेरेरांनी धर्मत्याग केल्याची वार्ता खोटी ठरवण्यासाठी रॉद्रिगिश हे तरुण येशूसंघीय आपल्या एका सहकाऱ्यासह चोरून जपानात येतात. गरीब कोळी-शेतकरी त्यांना लपवतात, आणि त्याबद्दल गावातील माणसे समुद्रात खांबांना बांधली जाऊन भरतीच्या लाटांत मरतात. किचिजिरो हा व्यसनी, भेदरट ख्रिस्ती रॉद्रिगिशना पकडून देतो, पुन्हा पुन्हा पायदळी तुडवतो आणि पुन्हा पुन्हा पापनिवेदनासाठी त्यांच्याच दारात येऊन रडतो. शेवटी एका रात्री कोठडीत रॉद्रिगिशना पहारेकऱ्याच्या घोरण्यासारखा आवाज ऐकू येतो. ते घोरणे नसून खड्ड्यात टांगलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे कण्हणे आहे, हे फेरेरांकडून त्यांना कळते. त्या शेतकऱ्यांनी केव्हाच नकार दिलेला आहे. तरीही फादरने प्रतिमेवर पाय ठेवल्याशिवाय त्यांची सुटका नाही. पहाटे रॉद्रिगिश प्रतिमेपाशी उभे राहतात. तेव्हा इतका वेळ मूक असलेला प्रभू त्या झिजलेल्या चेहऱ्यातून त्यांच्याशी बोलतो, अशी त्यांना जाणीव होते. ते पाय ठेवतात, आणि दूर कोठेतरी कोंबडा आरवतो.

कादंबरीला त्याच वर्षी मानाचे तानिझाकी पारितोषिक मिळाले. इंग्रज कॅथलिक कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी तिची मनापासून वाखाणणी केली. परंतु नागासाकीच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांना ती रुचली नाही. त्यांचे दुःख समजण्याजोगे होते. ज्यांच्या पूर्वजांनी प्राण देऊन श्रद्धा राखली, त्यांच्या इतिहासातून एखाद्या लेखकाने नेमका न टिकलेला माणूस उचलून नायक करावा, हे त्यांना आपल्या मृतांवर अन्याय केल्यासारखे वाटले.

येथे भाषेचा एक मुद्दा नमूद केला पाहिजे. १९६९ साली आयरिश येशूसंघीय फादर विल्यम जॉन्स्टन यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला आणि जगाने ती त्यातूनच वाचली. निर्णायक क्षणी प्रभू जे बोलतो, ते इंग्रजीत स्पष्ट आज्ञार्थी आले आहे. मूळ जपानी वाक्यरचना मात्र मुभा देणारी आहे. समोरच्याची वेदना ओळखून, तू तसे केलेस तरी मी तुला समजून घेईन, अशा अर्थाकडे ती झुकते. प्रभूने धर्मत्याग करण्याची आज्ञा दिली असे म्हणणे आणि पडणाऱ्याला प्रभूने सावरले असे म्हणणे, यांत महदंतर आहे. पाश्चात्त्य देशांत झालेल्या वादाचा निदान काही भाग या एका क्रियापदाच्या रूपावर उभा आहे.

कादंबरीचे शीर्षकही गैरसमजाला कारण झाले. एंडोंनी आधी वेगळे नाव योजले होते. ‘मौन’ हे नाव प्रकाशकांच्या सूचनेवरून पडले. त्यामुळे पुस्तक परमेश्वर गप्प राहिल्याची तक्रार करते असा अनेकांचा ग्रह झाला. वस्तुतः त्या मौनाच्या आतून परमेश्वर बोलत असतो, हे आपल्याला सांगायचे होते, असे एंडोंचे म्हणणे होते.

दोन चित्रपट, दोन शेवट

कादंबरी वाचताना वाचक पात्राच्या अंतःकरणात बसलेला असतो. चित्रपटात तो बाहेर उभा राहून पाहत असतो. ज्या कथेचा सारा भार अंतःकरणातील एका आवाजावर आहे, ती पडद्यावर आणताना दिग्दर्शकाला काहीतरी ठरवावेच लागते. तो आवाज ऐकवायचा की नाही? आणि त्या क्षणानंतरच्या उरलेल्या आयुष्याचा अर्थ काय लावायचा? दोन्ही चित्रपट याच ठिकाणी एकमेकांपासून वेगळे होतात.

पहिला चित्रपट १९७१ साली मासाहिरो शिनोदा यांनी काढला आणि पुढील वर्षी कान महोत्सवात तो दाखवला गेला. पटकथालेखनात स्वतः एंडोंचाही सहभाग होता. असे असूनही त्याचा शेवट कादंबरीचा नाही. धर्मत्यागानंतर रॉद्रिगिश आपल्याला दिलेल्या स्त्रीला वासनेच्या आवेगात जवळ करतात, आणि चित्रपट तेथेच थांबतो. पुरुष पराभूत झाला, व्रत मोडले, आता उरला तो केवळ देह, असाच त्याचा अर्थ प्रेक्षकाच्या मनावर ठसतो. शिनोदांच्या चित्रपटातील मौन हे खरोखरच रिकामे मौन आहे.

दुसरा चित्रपट मार्टिन स्कोर्सेसी यांचा. ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ या त्यांच्या १९८८ मधील चित्रपटामुळे जगभर ख्रिस्ती जनांत क्षोभ उसळला होता. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे एपिस्कोपल बिशप पॉल मूर यांनी त्यांना ‘मौन’ वाचण्यास दिली. १९८९ साली कुरोसावा यांच्या चित्रपटात छोटी भूमिका करण्यासाठी जपानला गेले असताना स्कोर्सेसींनी ती वाचून संपवली, आणि पडद्यावर आणण्यासाठी त्यांना सत्तावीस वर्षे लागली. चित्रीकरण तैवानमध्ये झाले. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस रोममध्ये शेकडो येशूसंघीयांसमोर त्याचा खेळ झाला आणि दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस यांनी स्कोर्सेसींना भेट दिली. तरुण येशूसंघीय असताना पोप फ्रान्सिस यांनाही जपानमध्ये सेवेला जाण्याची आस होती, हे येथे आठवते.

स्कोर्सेसींनी प्रभूचा आवाज स्पष्ट ऐकवला. शेवटही त्यांनी बदलला, मात्र शिनोदांच्या नेमका उलट दिशेने. वृद्ध रॉद्रिगिश मरण पावतात, बौद्ध विधीप्रमाणे त्यांना अग्नी दिला जातो, आणि ज्वाळांच्या आत कॅमेरा आपल्याला दाखवतो, की त्यांच्या मिटलेल्या ओंजळीत एक ओबडधोबड इवलासा क्रूस आहे. समुद्रात मरण पत्करलेल्या मोकिची या गावकऱ्याने तो कधीकाळी त्यांना दिलेला असतो.

हा क्रूस कादंबरीत नाही. पण तो अगदीच हवेतून आलेला आहे असेही नाही. कादंबरीच्या शेवटी ख्रिस्ती कैद्यांच्या वाड्यातील एका कारकुनाची रुक्ष दैनंदिनी जोडलेली आहे, आणि पुष्कळ वाचक ती ओलांडून जातात. धर्मत्याग केलेल्या पाद्रीकडून पुन्हा एकदा धर्मत्यागाचे लेखी निवेदन घेतल्याची नोंद तीत आहे, तसेच किचिजिरोजवळ ख्रिस्ती ताईत सापडल्याचीही. ज्याने एकदा नाकारले, त्याच्याकडून पुन्हा लिहून घेण्याची वेळ का यावी? एंडोंनी हा प्रश्न वाचकावर सोपवला आहे. स्कोर्सेसींनी त्याचे उत्तर ओंजळीत ठेवले.

मतभेद

या चित्रपटावर ख्रिस्ती जगतात जी चर्चा झाली, तिच्या दोन टोकांना दोन परिचित नावे आहेत. चित्रपटाचे सल्लागार आणि नायकाची भूमिका करणाऱ्या अँड्रू गारफिल्ड यांना संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेची दीक्षा देणारे येशूसंघीय फादर जेम्स मार्टिन यांनी असे प्रतिपादन केले, की रॉद्रिगिश भीतीने किंवा सोयीसाठी पाय ठेवत नाहीत. प्रार्थनेत प्रभूकडून आलेल्या हाकेला ते प्रतिसाद देतात, आणि दुसऱ्यांसाठी आपली सर्वांत प्रिय गोष्ट, आपली श्रद्धेची प्रतिष्ठाही, अर्पण करतात. उलट बाजूने बिशप रॉबर्ट बॅरन यांनी चित्रपटाच्या कलागुणांची दखल घेऊनही आपली अस्वस्थता मांडली. श्रद्धा मनात दडवून ठेवावी, चारचौघांत तिचा उच्चार करू नये, हेच आजच्या प्रतिष्ठित सुशिक्षितांना हवे असते, आणि हा शेवट नेमका त्यांच्याच सोयीचा आहे, असा त्यांचा आक्षेप होता. या कथेतील खरे वीर म्हणजे समुद्रात आणि अग्नीत मेलेले साधे जपानी ख्रिस्ती जन. त्यांना दुय्यम करून पाद्रीच्या घालमेलीला सारे अवकाश द्यावे, हे त्यांना मान्य नव्हते.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, असे म्हणून विषय मिटवणे सोपे आहे. पण ते खरे उत्तर नव्हे. बॅरन यांचा आक्षेप गंभीर आहे, कारण इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. फेरेरांच्या शेजारीच फादर नाकाउरा टांगलेले होते, आणि ते टिकले. यातना असह्य होती म्हणून पतन अटळच होते, असे त्यामुळे म्हणता येत नाही. शिवाय आवाज ऐकू आला एवढ्यावरून तो प्रभूचाच होता असे सिद्ध होत नाही. मनाच्या थकव्यालाही आवाज असतो. दुसऱ्या बाजूला मार्टिन यांचेही एक म्हणणे टाळता येत नाही. रॉद्रिगिशांसमोरचा प्रश्न आपले प्राण वाचवावेत की नाही हा नव्हता. स्वतःच्या देहावरील यातना सोसून रक्तसाक्षी होता येते. दुसऱ्यांच्या देहावरील यातना पाहत राहून रक्तसाक्षी कसे व्हावे, याचे उत्तर आपल्या संतचरित्रांत सहजासहजी मिळत नाही.

तथापि, दोन्ही पक्ष एका गोष्टीत सारखेच अडकलेले दिसतात. ते एका पाद्रीच्या एका पहाटेवर थांबतात. दुसऱ्या दिवशी काय झाले, पुढच्या वर्षी काय झाले, दोनशे वर्षांनी काय झाले, हे ते पुरेसे विचारीत नाहीत. आणि याच प्रश्नांना इतिहासाने उत्तर दिलेले आहे.

पाय ठेवणाऱ्यांची ख्रिस्तसभा

१६४० च्या दशकानंतर जपानमध्ये मोकळेपणी वावरणारा एकही धर्मगुरू उरला नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, ग्रंथ नाहीत. नागासाकीच्या परिसरात दरवर्षी घरोघरच्या माणसांना फुमिएवर पाय ठेवावा लागे, आणि १८५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, ही प्रथा चालली. त्या मुलखात जे ख्रिस्ती जिवंत राहिले, त्यांच्यातील बहुतेकांनी वर्षानुवर्षे प्रभूच्या मुखावर पाय ठेवलेला होता. मग ते घरी येत, दारे लावून घेत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. बंदीपूर्वी, १६०३ च्या सुमारास, ‘कोन्चिरिसान’ या विषयावर एक छोटे पुस्तक तेथे तयार झाले होते. ‘कोन्चिरिसान’ हा पोर्तुगीज ‘कोन्त्रिसाव’ म्हणजे पूर्ण पश्चात्ताप या शब्दाचा जपानी अवतार. कोकणीतला ‘कुमसार’ जसा पोर्तुगीजातून आला, तसाच. धर्मगुरू मिळणे अशक्य असेल, तर परमेश्वरावरील प्रीतीपोटी पूर्ण पश्चात्ताप करावा, संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय करावा, म्हणजे क्षमा लाभते, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यात होती. ती तोंडपाठ करून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. गावातीलच एक जण बालकांना स्नानसंस्कार देई, दुसरा पंचांग पाहून उपवासाचे व सणांचे दिवस सांगे. कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीत ते पवित्र मारिया पाहत.

कथेतील फेरेरा म्हणतात, की जपान ही दलदल आहे, येथे ख्रिस्ताचे रोप लावले तर मुळे कुजतात. त्या दलदलीने १८६५ साली स्वतःच उत्तर दिले. पॅरिसच्या मिशनसंस्थेचे फादर बेर्नार पेतिझाँ यांनी नागासाकीत ओउरा येथे परदेशीयांसाठी एक चर्च बांधले होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची पंधराएक माणसे बिचकत आत आली. त्यांतील एका स्त्रीने फादरांजवळ येऊन हलक्या आवाजात सांगितले, की आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि पवित्र मारियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. धर्मगुरूविना दोन शतके काढलेली ती ख्रिस्तसभा जिवंत होती. आणि ते चर्च कोणाच्या नावाने होते? निशिझाकाच्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या. तीनच वर्षांपूर्वी त्यांना संतपद मिळाले होते. म्हणजे पाय ठेवणाऱ्यांची लेकरे ज्या घरात प्रथम उजेडात आली, त्या घराच्या आश्रयदात्यांत आपले गोन्सालो गार्सिया होते.

पुढची घटना त्याहून बोलकी आहे. बंदी अजून उठलेली नव्हती. १८६७ साली उराकामीच्या ख्रिस्ती जनांची धरपकड झाली. तुरुंगातील छळाखाली जवळजवळ सर्वांनी धर्मत्याग लिहून दिला. ताकागी सेनएमोन हा गृहस्थ मात्र ढळला नाही. सुटून घरी आल्यावर बाकीच्यांना त्याच्याकडे पाहवेना. मग त्यांनी जे केले, ते जपानी अधिकाऱ्यांना अनपेक्षित होते. ते आपण होऊन परत गेले आणि आपला नकार मागे घेत असल्याचे त्यांनी सांगितले. १८६८ पासून उराकामीचे सुमारे ३४०० ख्रिस्ती देशभर हद्दपार झाले आणि सहाशेहून अधिक जण परमुलखात मेले. १८७३ साली बंदीचे फलक उतरल्यावर उरलेले घरी आले. गावच्या ज्या मुखियाच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या फुमिए मांडली जाई, तीच जागा या गरीब लोकांनी विकत घेतली आणि तिच्यावर उराकामीचे कॅथेड्रल उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने ते उद्ध्वस्त केले. त्या सकाळी तेथे पापनिवेदन चालू होते. १९५९ साली ते पुन्हा बांधले गेले.

समारोप

या इतिहासाच्या प्रकाशात कादंबरी आणि चित्रपट यांच्याकडे पाहिले, म्हणजे वादाचे स्वरूप थोडे बदलते. सेनएमोन एकटा टिकला नसता, तर बाकीच्यांना परतण्याची वाट दिसली नसती. आणि परतलेल्यांना ख्रिस्तसभेने दारातूनच हाकलले असते, तर सेनएमोन एकटाच राहिला असता. रक्तसाक्षी आणि पडलेले हे दोन वेगवेगळे पंथ नव्हते. ती एकाच गावातली, बहुधा एकाच घरातली माणसे होती. त्यामुळे रक्तसाक्ष्यांचा मान कमी करून पडलेल्यांना उचलण्याची गरज नाही, आणि रक्तसाक्ष्यांच्या नावाने पडलेल्यांना झिडकारण्याचीही नाही.

या दृष्टीने शिनोदांचा शेवट इतिहासाशी प्रामाणिक वाटत नाही. पतन हाच शेवट असता, तर ओउरा चर्चच्या दारात कोणी आले नसते. स्कोर्सेसींचा क्रूस इतिहासाला जवळचा आहे. पण तो ओंजळीत दडलेला राहतो, आणि प्रेक्षक तेवढ्यावर समाधान मानून उठतो. नागासाकीच्या ख्रिस्ती जनांनी आपला क्रूस कायमचा दडवून ठेवला नाही. संधी मिळताच तो त्यांनी बाहेर काढला आणि त्याची जबर किंमत मोजली. बॅरन यांच्या आक्षेपाला खरे उत्तर चित्रपटात नाही, उराकामीत आहे. आणि मार्टिन यांच्या करुणेला खरा आधारही तेथेच आहे.

एंडोंच्या कादंबरीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रॉद्रिगिश नव्हे, तर किचिजिरो. लाज गिळून तो पुन्हा पापनिवेदनाला येतो, आणि ज्याला त्याने दगा दिला, त्या पाद्रीलाच त्याचे ऐकून घ्यावे लागते. पेत्राने तीनदा नाकारले, कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन रडला. परंतु शुभवर्तमान तेथे थांबत नाही. तिबेरियाच्या समुद्रकिनारी प्रभूने त्याला पुन्हा जवळ बोलावून तीनदा विचारले. आपल्या धर्मग्रामांतही अशी माणसे असतात. कोणी व्यसनात बुडालेला असतो, कोणी विवाहाचे वचन मोडलेला, कोणी वर्षानुवर्षे चर्चची पायरी न चढलेला. त्यांच्याकडे पाहून आपण चटकन ओठ मुडपतो. ज्या दिवशी ते बिचकत मागच्या बाकावर येऊन बसतील, त्या दिवशी आपण त्यांना पेतिझाँसारखे भेटू काय?

२४ नोव्हेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस निशिझाकाच्या स्मारकासमोर उभे राहिले. तेथील भिंतीवर सव्वीस मूर्ती ओळीने आहेत, आणि त्यांत एक वसईची आहे. यापुढे फेब्रुवारीत संत गोन्सालो यांच्यासमोर मेणबत्ती लावताना, त्यांच्या टेकडीच्या पायथ्याशी ज्यांनी वर्षानुवर्षे प्रतिमेवर पाय ठेवला आणि घरी जाऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, त्या अनामिकांसाठीही एक ‘प्रणाम मारिया’ म्हणावे, असे मनापासून वाटते. आपला प्रकाश गोन्सालोंकडे ठेवावा, आणि त्या उजेडात परतणाऱ्यांना वाट दिसेल एवढे दार उघडे ठेवावे.